विषय क्रमांक सात

सभा साडेसातची.
लिंबाजी सोनकांबळेनं सातलाच
पार्किंगमध्ये पन्नास खुर्च्या मांडल्या,
माइकची वायर टेपनं फरशीला चिकटवली,
आणि ज्या सभेत त्याच्या पगाराचं ठरणार होतं
तिला पाणी कमी पडू नये म्हणून
वीस लिटरचा जार खांद्यावर घेऊन आला.

इतिवृत्त लिहायला मी.
एकतीस वर्षं बँकेत लेजर लिहिलं,
हात अजून सरळ चालतो.

एक ते सहा मंजूर.
सहावा कारंज्यातल्या दिव्यांचा, एक लाख चाळीस हजार.
सूचक, अनुमोदक, टाळ्या,
चहा गार व्हायच्या आत.

विषय सात: सुरक्षारक्षक व सफाई कामगार यांचे
वेतनात वाढ करणेबाबत.

निनाद टिल्लू उभे राहिले. म्हणाले,
भाव बाजार ठरवतो, आपण कोण?
हे तेच, जे दर एप्रिलला
पगारवाढीचं पत्र आलं की
आठवडाभर घरात कुणाशी बोलत नाहीत.

मृणाल बेहेरे म्हणाल्या, निदान सरकारी दर तरी द्या,
कायदा आहे.
कंत्राटदाराचा माणूस मागं भिंतीला टेकून होता.
हसला.
"मॅडम, कागदावर देतोच की आम्ही."

कागदावर.
मी तोही शब्द लिहून घेतला.

मग कुणीतरी बूम बॅरियरचं कोटेशन काढलं.
वाढ द्या, पण चाराचे तीन करा.
यंत्राला डुलकी लागत नाही, दिवाळी द्यावी लागत नाही.
पद्मिन घोडके जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली,
सभेत नाही, सभेबाहेर नाही,
सकाळी तिनंच पुसलेल्या पायरीवर.

मी समासात हिशेब केला.
सात माणसं, तीन-तीन हजार,
भागिले शहाण्णव फ्लॅट:
दोनशे अठरा रुपये पंचाहत्तर पैसे.
रविवारच्या मिसळीच्या दोन प्लेटी,
जास्तीचा पाव धरून.
आकडा बरोबर होता. मी तो मोठ्यानं वाचला नाही.

"अरे, लिंबाजीलाच विचारा ना,"
कुणाला तरी एकदम लोकशाही आठवली.

त्यानं कपांचा ट्रे खाली ठेवला.
"वाढ नको असं कसं म्हणू, साहेब.
पण चारातला चौथा कोण, ते आधी सांगा.
शिवलिंगनं जूनमध्येच पोरं उदगीरहून आणली,
शाळेत घातली.
त्याचं नाव असलं तर
माझी वाढ मला घरी सांगता यायची नाही."

पंखा फिरत राहिला.
देवधर चष्मा पुसत राहिले.
कारंजं, दिव्यांशिवाय, चालू होतं.

ठराव: विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.
बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करावेत.
माझा हात लिहीत होता.
लिहिणारा हात मोजत नाहीत;
असा काही नियम नाही,
सोय आहे.

दहाला खुर्च्या एकात एक गेल्या.
त्याची पाळी आठला संपते.
धायरीची बस निघून गेली होती.
गेटवरची वही घेऊन तो माझ्याकडे आला,
"मॅडम, माइकवाल्याची जायची वेळ टाकायचीय. किती झाले?"
दहा दहा, मी म्हटलं.
नाव, गाडी नंबर, कुणाकडे, आत, बाहेर,
सगळे रकाने आहेत त्या वहीत.
रोज तोच भरतो.
तो स्वतः कुठल्याच रकान्यात नाही.

घरी येऊन इतिवृत्त पक्कं केलं.
उपस्थित सभासद चव्वेचाळीस. त्याखाली, कुणी न सुचवलेली,
एक ओळ घातली:
श्री. लिंबाजी सोनकांबळे, रात्रौ दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत हजर.
पैकी दोन तास दहा मिनिटं बिनपगारी.

पुढच्या सभेत कुणीतरी म्हणेल, हे इथं कशाला.
म्हणू दे.

पेनाला टोपण लावलं.
समासात दोनशे अठरा पंचाहत्तर अजून तसेच होते,
बारीक अक्षरात, पेन्सिलीनं.
मी ते शाईनं गिरवले.