हे यावर चालणार नाही

त्या हिवाळ्यात बाबा स्वयंपाकघरात
आलेखाच्या कागदावर दलदल काढत बसत,
एकेक चौकोन, एकेक ठिपका,
शेवाळाला तीन हिरवे, पाण्याला दोन काळे.
पेर्नूच्या वरच्या अंगाला आमचं गाव,
जिथे थंडी सरताना नद्या रस्त्यावर येतात
आणि त्या दिवसांना आम्ही पाचवा ऋतू म्हणतो.
पूर आला की मुलं शाळेत होडीतून यायची.
आणि एवढ्या पाण्यातून येऊनही, बाबा कुरकुरत,
एकालाही तापस पक्षी ओळखता येत नाही.

म्हणून हा खेळ. तीन फ्लॉपींत कोंबलेला.
लाल बुटांची मुलगी, हातात टोपली,
आणि आपण म्हणजे एक बाण.
जिथे तिथे खडा टाकून बघायचा.
शेवाळावर टिचकी मारली की ते सांगे,
मी माझ्या वजनाच्या वीसपट पाणी पिऊन बसते.
दवबिंदूच्या रोपाला बोट लावलं
तर बाणच चिकटून बसे,
मोठ्याने पाच मोजावे लागत, मग सुटे.
(मोजायची गरज नव्हती. बाबांनी तसं लिहून ठेवलं होतं,
आणि आख्खा वर्ग मोजायचा.)

बेडूक मी होते.
सात वर्षांची, रजईखाली,
फ्रिजची घरघर टेपवर येऊ नये म्हणून.
डास आई.
तापसाचा आवाज कुठे मिळेना,
तार्तूहून टेप मागवली ती आलीच नाही,
तेव्हा बाबांनी दुधाची रिकामी बाटली घेतली
आणि ओठ लावून फुंकर घातली: हूंऽऽप.
आई आतून म्हणाली, कुणाची गाय आजारी आहे?

आणि जे जिथे चालत नाही ते तिथे वापरलं
की बाबांचाच आवाज, न रागावता:
'हे यावर चालणार नाही.'
घरात त्याचं म्हणणंच होऊन गेलं.
चहात मीठ पडलं तरी. मोजा उलटा घातला तरी.
डॉक्टरांनी शेवटची गोळी लिहून दिली
तेव्हा बाबांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली
आणि हेच म्हणाले. आम्ही हसलो होतो.

आइगार अकरा दिवस अडकला होता.
चर खणून कुणीतरी दलदलीचं पाणी काढून नेलेलं,
ते अडवायचं कसं?
त्याने चरात दगड टाकले, लाल बूट टाकले,
टोपली टाकली, मुलीलाही टाकून पाहिलं.
बीव्हरवर कुऱ्हाड चालवली.
हे यावर चालणार नाही. हे यावर चालणार नाही.
बाराव्या दिवशी वैतागून
अस्पेनची एक फांदी काठावर ठेवली
आणि डबा खायला निघून गेला.
परत आला तर बांध तयार होता,
आणि बीव्हर दात दाखवत बसलेला.
तो कुणाला काही बोलला नाही.
आम्हाला कळलं ते त्याच्या कानांवरून,
लालभडक झालेले.

आता तो खोदयंत्र चालवतो.
सरकारने जुने चर बुजवायला घेतलेत;
त्याच्या आजोबांनी खणलेलाही त्यात एक.
मी पाण्याची पातळी मोजते, वहीत मांडते,
आणि मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी
यंत्र बंद करून आम्ही ब्रेड खात होतो
तेव्हा बोरूच्या बेटातून आलं: हूंऽऽप.

मी तो आवाज त्याआधी रानात कधी ऐकला नव्हता.
पहिला विचार आला तो असा,
की कुणी लपून बसलंय, बाटली घेऊन.
दुसरा असा, की पक्ष्याला जमत नाहीये,
शेवट जरा आखूड पडतोय,
बाबा अधिक दमाने फुंकायचे.
'सर,' आइगार म्हणाला. टोपी काढली,
पुन्हा घातली, डोकं गार पडलं म्हणून.

मग माझ्याकडे बघून हनुवटी उडवली: आता तू.
माझा गळा आता सिगरेटचा. तरी काढला,
रजईखालचा तो बेडूक, जसा आठवला तसा.
पाण्यातून कुणी ओ दिली नाही.
यंदा थंडी लांबली आहे;
वहीत लिहिलं: बेडूक, अजून नाहीत.