दुबार नोंद

सोनटक्के मॅडमच्या प्रश्नावलीत एकसष्ट प्रश्न.
मला दिवसाचे साडेतीनशे,
घरटी एक बिस्किटाचा पुडा,
आणि एटापल्लीच्या पुढे जायला
आमच्या घरची मोटारसायकल.
पेट्रोल विद्यापीठाचं.

प्रश्न बारा :
आपल्या परिसरात दहशत जाणवते का?
दहशतीला माडियात शब्द शोधताना मी अडले.
पुसे आतेला विचारलं,
रात्री तुझे कान कसे असतात गं?
ती चटईवर मोह पसरत होती.
हात न थांबवता म्हणाली, उघडे.
मॅडमनी चौकटीत चार लिहिला.
एक ते पाचमधला चार.

तिसऱ्या रात्री अंगणात खाटेवर पडल्या पडल्या
मॅडम म्हणाल्या, किती शांत आहे इथे.
मी म्हटलं, गावात कुत्री नाहीत.
कुत्रं भुंकलं की कोणीतरी आल्याचं कळतं,
आणि मग सकाळी विचारणारे येतात,
कधी या बाजूचे, कधी त्या :
काल कुत्री कोणावर भुंकत होती?
म्हणून गावानेच एका दुपारी
सगळी नाल्यापलीकडे नेली.
मॅडम उठून बसल्या.
बॅटरीच्या उजेडात बराच वेळ लिहीत राहिल्या.
कुत्र्यांबद्दल प्रश्न नव्हता यादीत.

'दादांनी दादाला नेलं.'
हे वाक्य टेपवर तीनदा आहे, तीन वेगळ्या घरांतलं.
मॅडमनी टेप मागे घेतली, पुन्हा ऐकली.
मी सांगितलं, जंगलातून येतात ते दादा,
आणि आपल्या आधी जन्मतो तोही दादा.
एकाच शब्दात दोघं कसे गं मावतात?
मी म्हटलं, लहान गाव आहे, मॅडम.

मग लॅपटॉपमधला तक्ता.
ओळ चौऱ्याहत्तर :
पेका मट्टामी, पुरुष, सव्वीस,
झाडाला लावलेल्या पत्रकात 'खबरी'.
ओळ एकशे एकोणीस :
पेका मत्तामी, पुरुष, अठ्ठावीस,
ठाण्याच्या कागदात 'समर्थक'.
तारीख तीच. नाला तोच.

तो पुलाच्या कामावर सिमेंटची पोती मोजायचा.
किती आली, किती लागली, किती भिजली,
निळ्या शाईने, रोजच्या रोज.
त्या वहीत दुसरं काही नाही
हे दोघांनाही खरं वाटलं नाही.
यातलं मी काही बोलले नाही.
मला बोलायचे नाही,
दुसऱ्याचं बोलायचे पैसे मिळतात.

मॅडम हुशार. लगेच म्हणाल्या,
ही दुबार नोंद आहे.
माणूस दोनदा मरत नाही.
यातली कुठली ओळ काढू?

मी म्हटलं, वय दोन्हीकडे चुकलंय.
सत्तावीस करा.
तुला कसं माहीत?
डिकीत त्याचं लायसन्स आहे अजून.

मॅडमनी बाहेर उभ्या मोटारसायकलीकडे पाहिलं.
पाच दिवस त्या तिच्यावर मागे बसून हिंडल्या होत्या.
मग हळूच झाकण लावलं लॅपटॉपला,
झोपलेल्या पोरावर चादर ओढतात तसं.

दोन वर्षांनी प्रबंधाची झेरॉक्स आली पोस्टाने.
आभारात मी आहे : 'स्थानिक दुभाषी,
नाव सुरक्षेसाठी गाळले.'
शेवटी बेरीज आहे, दोनशे बारा.
कुठली ओळ राहिली ते बेरजेत कळत नाही,
मी दोनदा पाहिलं.

पण पान एकशे चाळीसवर
एक वाक्य एकटंच आहे, खाली तळटीप नाही :
'या गावात कुत्री नाहीत.'
तेवढंच मी आईला माडियात वाचून दाखवलं.
ती सूप खाली ठेवून ऐकत राहिली.
मग म्हणाली,
सोळा होती.
कळव म्हणावं त्यांना. सोळा.