कोणत्या पायाची?

फेलिम मॅकमॉरो माप विचारायचा नाही.
गिऱ्हाईक दारातून आत येईतो
उंची त्याने डोळ्यांत घेतलेली असायची.
विचारायचा एवढंच : कोणत्या पायाची?

लीट्रिमच्या त्या चिकट, पाणथळ उतारावर
नांगर रुतायचा. चालायची ती लॉय :
पुरुषभर उंच, अ‍ॅशच्या एका बुंध्यातून काढलेली,
टोकाला अरुंद फाळ,
आणि पाय द्यायला एकाच अंगाला खांदा.
आमचं गाव सगळं उजव्या पायाचं.
टेकडीपलीकडचे डाव्या.
त्यांच्याकडे मुलगी देताना
घरातली म्हातारी माणसं जरा खाकरायची.

मी तेव्हा अकराचा. भात्यावर.
सॅबिना गॅलोग्ली आली मार्चच्या शेवटी,
शालीखाली बदकाची चार अंडी.
नवरा स्कॉटलंडला, बटाटे खणायला गेलेला;
पैसे दोनदा आले, मग पत्रही नाही.

"कोणत्या पायाची?"
"ह्यांची उजव्या पायाची आहे."
"ह्यांचं नाही विचारलं."

तिला ठाऊक नव्हतं.
विहिरीचं पाणी, गोठा, पाठीवर पीटच्या टोपल्या,
एक लेकरू टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत,
इतकं चालली होती,
पण आधी कुठला पाय उचलतेस
हे कुणी विचारलंच नव्हतं.

फेलिमने ऐरणीवरची मान वर केली नाही.
"माझं गाढव सुटलंय वाटतं भिंतीपलीकडे. बघता?"
गाढव खुंटीलाच होतं.
तिने स्कर्ट आवळला,
दगडी गडगा ओलांडला.

"डावा ना?" तो मला म्हणाला.
डावा.

दांडा तिच्या हनुवटीशी थांबवला,
खांदा डावीकडे ठेवला,
फाळ पाण्यात घातला तेव्हा
वाफेत काही वेळ तिघंही दिसेनासे झालो.
तीन अंडी त्याने घेतली. चौथं माझ्या हातावर ठेवलं.

मे महिन्यात रस्त्यावरून दिसायचं :
साऱ्या उतारावर ढेकळं एका अंगाला कललेली,
गॅलोग्लींच्या तुकड्यात दुसऱ्या.
बाईचा पायगुण, म्हणाले काही जण,
कुठल्या अर्थाने ते सांगितलं नाही.
बटाटे आले. जसे येतात तसे,
काही मोठे, काही किडके.

तो परतला सात वर्षांनी, की आठ.
कुणी काही बोलण्याआधी
दारामागची लॉय घेऊन शेतात गेला,
सवयीने उजवा पाय उचलला,
आणि टेकवायला जागाच नव्हती.