पुरून उरलेले चार

आचाओच्या रात्रशाळेत, लोखंडी चुलीपाशी,
ओतिलिया फळ्याकडे पाठ करून बसते.
फळ्यावरचं नको. तिला घरचं गणित सोडवायचंय:
बापाचं एक हेक्टर, भावंडं सात.

मोजणीदाराने प्रत्येकाला दिले
चौदाशे अठ्ठावीस चौरस मीटर
आणि पेनाला टोपण लावलं.
राहिले चार. त्यात सफरचंदाचं एक झाड,
खोड वाकडं, फळ आंबट.
ते चार मीटर सगळ्यांना पुरून उरले:
नऊ वर्षं दोघी बहिणी बोलत नाहीत.

तो थांबला तिथून ती पुढे भागते,
शिंपले सोलून चिरलेल्या बोटांनी.
बाकी चार. शून्य उतरव. सात पाचे पस्तीस, बाकी पाच.
शून्य उतरव. साती साती एकोणपन्नास, बाकी एक.
शून्य.
सात एके सात, बाकी तीन.

पेन्सिल थबकते.
"इथून मी मघाशी गेले होते,"
धुक्यात वल्हवताना आपलाच खुंटा
पुन्हा होडीला लागावा, तशी ती म्हणते.

मास्तर गप्प राहतो. पोरगेलाच आहे, पण शहाणा.
ती बोटं मोडते: साताने भागताना
बाकी राहून राहणार किती?
एक ते सहा. सहाच दारं या गल्लीत.
शून्य घरी नसेल तर
सातव्या खेपेला दार उघडणारा ओळखीचाच.

एक चार दोन आठ पाच सात.
"यांच्यावर आडवी रेघ दे," मास्तर सांगतो.
आपल्या अक्षरांच्या माथ्यावर ती जन्मजात असते;
तिच्या अक्षरांना नाही. म्हणून ती जपून ओढते,
छपरावर लाकडी कौल ठोकावं तशी.

"संपलं?"
"नाही. पण लिहून पुरं झालं."

"आणि कधीच माघारी न येणारे?"
"असतात. चौकोनी हेक्टराचा कर्ण घ्या,
कितीही चाला, तीच वाट फिरून लागत नाही."
ती चुलीत एक ढलपी सारते.
रेमिहियो मेंढ्या कातरायला पातागोनियात गेला, त्याला बावीस वर्षं.
त्याच्याही तुकड्यात त्या दरसाल बटाटे लावतात.

रविवारी ती कागद घेऊन बहिणीच्या दारात.
"हे बघ, त्या चारांचा सातवा वाटा:
शून्य पूर्णांक पाच सात एक चार दोन आठ.
तेच सहा आकडे गं,
नुसते दुसऱ्या दाराने आत आलेले."

बहीण चष्मा शोधते. बराच वेळ वाचते.
मग नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य:
"आणि फांद्या?"