जांबोटीच्या सोसायटीतला डबा

खानापूरहून पावणेनऊची बस. पिशवीत
दोन स्क्रूड्रायव्हर, एक ब्रश, ड्रायव्हरांनी भरलेला पेनड्राइव्ह,
आणि कुणाच्या तरी लग्नात मिळालेला पिवळा रुमाल,
धूळ पुसायला.

सेक्रेटरी घाडी दारातच उभे.
"कालपास्नं नेट न्हाई. दुधाचं बिल
पाचच्या आत वर चढवायचं हाय, बाय."
टेबलावर उदबत्तीची राख, फॅटच्या पावत्या,
त्यांच्या मागं तो काळा डबा.
कपाळावर हळदीचं बोट, गेल्या खंडेनवमीचं.

केबल काढली, घातली.
भोकाजवळचे दोन्ही दिवे मेलेले.
दुसरी केबल. तेच.
यादी उघडली : आवाज आहे, माऊस आहे,
प्रिंटरसुद्धा आहे, जो गेल्या वर्षीच भंगारात गेला.
नेटवर्क कार्ड नाही.
पिवळं उद्गारचिन्हही नाही
की बाबा, इथं काहीतरी दुखतंय.

ड्रायव्हर घालायला गेले तर म्हणालं,
हार्डवेअर सापडत नाही.
म्हणजे ताट वाढलंय आणि पाटावर कुणी नाही.

घाडी वाकून बघतात. "पडलं काय कुठं ते कार्ड?"
पडेल कसं, काका? सुटं नसतंच ते.
ही बघा बोर्डावरची चिप, खेकड्याचं चित्र असलेली,
नखाएवढी. कारखान्यातच डाग देऊन बसवलेली.
"मग हाय की!"
आहे. पण मशीनच्या लेखी नाही.
असणं वेगळं, नोंदीत असणं वेगळं.

घाडींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला.
"हे तू मला सांगूलालीस?"

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
मागच्या बाजूला कॅन धुतल्याचा आवाज.

हुबळीची हेल्पलाइन : केबल नोडरी, मॅडम.
नोडिदे री.
मत्तोम्मे नोडरी.

मशीन बंद करून चालू केलं, डिलीटचं बटण दाबून धरलं.
निळा पडदा. कोपऱ्यात तारीख :
एक जानेवारी दोन हजार नऊ, रात्रीचे बारा वाजून चार मिनिटं.
बोर्डावरचा सेल संपलेला.
इथं लाईट जायची तेव्हा तेव्हा हा डबा
सगळं विसरून जन्मदिवसाला जाऊन बसायचा,
आणि जन्माच्या वेळीच कुणीतरी लिहून ठेवलेलं :
ऑनबोर्ड लॅन, डिसेबल्ड.
कुठल्या देशात, कुठल्या दुपारी, जेवणाआधी की नंतर,
ते काही लिहिलेलं नाही.

दोन हजार बत्तीस नंबरचा सेल जांबोटीत मिळेना.
अणवेकर सोनारांनी आपल्या लहान काट्यातला काढून दिला.
"उद्या संध्याकाळपर्यंत हां. परवा एक बाई
पाटल्या मोडायला येणाराय."

प्लग उपटला. बटण दाबून धरलं.
घाडींनी तीस अंक मोजले, दूध मोजायच्या आवाजात,
सतराला अडखळले, परत सोळापासून.
सेल बसवला. आजची तारीख घातली.
डिसेबल्डचं एनेबल्ड केलं.
वर आलं तरी दिवे नाहीत.
घाडींनी हळदीच्या बोटाकडं बघितलं.
मी केबल पुन्हा ओढली, टक्क आवाज येईस्तोवर दाबली.

आधी नारिंगी. मग हिरवा,
काजव्यासारखा, ठरत नव्हता.

फोनवर अजून कुणीतरी होतं. बंतेन्री?
बंतु री.

चारला दहा कमी असताना बिल चढलं,
दोनशे एकेचाळीस नावं, सकाळ-संध्याकाळच्या लिटरांसकट.
घाडींनी पैसे दिले, वर ताकाची बाटली दिली.
प्रिंटरचं नाव यादीतून पुसायचं राहिलं.

आता बसमध्ये बसल्यावर आठवतंय,
अणवेकरांचा काटा आज रात्री कोरा.
पारड्यात काहीही ठेवा, कोरा.
सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडं
पुडीत दोन सेल पाठवायला हवेत.
एक त्यांचा.
एक असू दे.