झार, अंदाजे

माझा बाप मासळी कमी सांगतो.
पाटी भरून जिताड्याचं शेपूट बाहेर लोंबत असतं,
आणि जेट्टीवर कुणी विचारलं, काय गावलं रं हाशाराम,
तर म्हणतो, काय नाय, कालवणापुरतं.
नजरेच्या भीतीने नव्हे.
दर्याचं दर्याला ठाऊक, आपण कशाला मोजायचं, असं त्याचं.
आमच्या दिवाळ्यात हे गणित सगळ्यांना पाठ आहे:
हाशाराम दोन म्हणाला की पाच धरायचे,
वारा जरासा म्हणाला की होडी सोडायची नाही.

म्हणून कार्तिकात एका सकाळी
डोलजाळं खांद्यावर टाकून तो आला
आणि म्हणाला, झार होती, छत्रीएवरी, जालं फाटलं,
तेव्हा आईने जाळ्याकडे पाहिलं
आणि हातातली कोयती खाली ठेवली.

झार आम्हाला नवी नाही.
पाऊस सरला की येते,
जाळ्यात साबुदाण्याच्या खिरीसारखी गच्च बसते,
वजन पाण्याचं, भाव शून्य.
हात लागला तर कोपरापर्यंत आग.
खाऱ्या पाण्याने धुवायचं, शिव्या द्यायच्या, पुढचं जाळं ओढायचं.

पण छत्रीएवढी, आणि तीही हाशारामच्या तोंडून.
दुपारपर्यंत गल्लीने हिशेब मांडला.
पोरं म्हणाली, चार कॅरमबोर्ड.
नागूबाय म्हणाली, माझ्या लग्नातल्या मांडवाएवढी असणार;
तिचं लग्न उघड्यावर लागलं होतं.
बुधाजीमामा त्याच होडीवर होता. त्याला घेरलं,
तर तो तंबाखू मळत राहिला.
मी इंजिनाकडं होतो, एवढंच.

मी बेलापूरला एका ऑफिसात जुने नकाशे स्कॅन करते.
माझ्या पडद्यावर खाडी फिकट निळी आहे,
तिच्या पोटात एकही जीव दाखवलेला नाही.

आठवड्याने मत्स्य खात्याचा एक मुलगा आला,
पांढरे बूट, एक चिखलात बुडालेला.
त्याच्या कागदावर रकाना होता:
आकार, अंदाजे, सेंटिमीटरमध्ये.
बापाने स्वतःचा तळहात उलटासुलटा पाहिला.
लिवा, सुपाएवरी.
मुलाने लिहिलं, पंचेचाळीस.
मी चहा ओतत होते, गप्प राहिले.
छत्रीचं सूप. आठ दिवसांत ती आटली होती,
रेतीवर उन्हात पडलेली झार आटते,
आणि संध्याकाळी नुसता पापुद्रा उरतो, तशी.

रात्री तो अंगणात जाळं विणत बसला होता.
बाबा, खरं केवरी?
त्याने सुई दाताखाली धरली, उठला.
पाण्याच्या निळ्या पिंपापाशी पाय जुळवून उभा राहिला.
हितनं.
मग चालू लागला.
स्कूटर ओलांडली, बोंबलांची वलांडी वाकून ओलांडली,
शेजाऱ्यांचं कुत्रं उठून बाजूला झालं,
विजेच्या खांबापाशी थांबला, मागे वळून पिंप पाहिलं,
आणि अजून दोन पावलं गेला.
हितवर. आन् कड पुढं अंधारात होती.

घारापुरीच्या मागं, तो म्हणाला,
न्हाव्याचे पिवळे दिवे पाण्यात, आन् ते दिवे हालत होते,
पाणी तर थिर.
तवा कललं, आमी तिच्यावरच हाव.
इंजिन बंद केलं.
ती मिटली. उघडली. परत मिटली.
बुधाजी म्हणं, ओढ. मी ओढलं,
तं होडीच खाली वाकली.
इतकं बोलून तो परत बसला,
दोन गाठी मारल्या, तिसरी चुकली.
मंग सुरी काढली, तो म्हणाला. तुझे आयेला नको सांगू.

मी जाळं हातात घेतलं.
फाटलेली दोरी केसाळ असते, बोटाला टोचते.
ही गुळगुळीत, सरळ,
एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत बारा हात.

आत आई भांडी घासत होती.
तिने आजवर या जाळ्याची प्रत्येक फाट शिवली आहे.
या वेळी नवीन नायलॉन आणायला
तिने पैसे काढून दिले होते,
आणि किती लागलं, हे विचारलं नव्हतं.