एकच ओरखडा

उत्तनहून पास्कू आला
दुपारी तीनला, जेव्हा जांभळी नाक्यावर
गिऱ्हाईकही जेवून आडवं झालेलं असतं.
सुकटीचा वास असलेली पिशवी त्यानं काचेवर ठेवली,
दातांनी गाठ सोडली.
आठ नाणी.

"दीपस्तंभाच्या खालच्या वाळूत घावली, ओहोटीला.
बाय, सांग. खरी हायेत का?"

दुकानाच्या पाटीवर अजून वडिलांचं नाव आहे.
त्यांची कसोटी माझ्याकडे आली, कारण भावाला
धातूपेक्षा धातूचे भाव आवडायचे.
काळा दगड, तळहाताएवढा,
मधोमध झिजून जरासा खोलगट.
त्या खळग्यात किती घरांचं खरंखोटं गेलंय
ते दगड सांगत नाही, मीही नाही.

आधी मी बघत नाही. डोळे मिटून हातात घेते.
मग संगमरवरावर टाकते.
पहिलं बद्द.
दुसरं बद्द.
तिसरं वाजलं, पण पत्र्याच्या डब्यासारखं.

मग दोरा, मग पाण्याचा पेला.
चांदी पाण्यात बुडताना
दहाच्या वरचं काहीतरी बोलते.
ही सात पुटपुटली: सव्वासात.
कडेवर एक गोल, एक चौकोन, एक गोल अशी नक्षी हवी;
इथे कानशीनं घासून लपवलेली शिवण.
अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी
भिजलेली.

पण खरं सांगायचं तर
मला हे सगळं नंतर सुचलं.
आधी दिसला तो ओरखडा.
स्पेनच्या राजाच्या नाकाखाली, तिरपा, तांदळाएवढा.
दुसऱ्यावरही तिथंच.
तिसऱ्यावर. चौथ्यावर.
सात राजे, एकाच जागी खरचटलेले.

बाबा म्हणायचे, जखम ज्याची त्याची असते.
दोघांच्या गालावर हुबेहूब एकच व्रण दिसला
तर त्यातला एक तरी
साच्यातून आलाय.

आठवं मात्र काळंकुट्ट.
राजाच्या डोक्यावर भोक, नाक जवळजवळ नाहीच.
सन सतराशे शहाऐंशी,
टांकसाळीचं अक्षर, त्यावर बारीक शून्य.
मानेजवळ कुण्या सराफाचा फुलासारखा ठसा,
पलीकडे दुसऱ्याचा नुसता टोचा,
कडेला छिन्नीचा एक वार.
किती जणांना शंका आली होती याची!
प्रत्येकानं आपली शंका नाण्यावरच ठेवली
आणि मग पैसे मोजून दिले.

संगमरवरावर ते थोडं बोबडं वाजलं. भोकामुळे.
पाण्यात म्हणालं: सव्वादहा.

मी म्हटलं, "हे खरं आहे.
पण हे वाळूतलं नाही."
भोकात खोबरेल होतं
आणि काळ्या दोऱ्याचा एक तंतू.

पास्कू बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.
"आईचं हाय. गळ्यातलं.
तिच्या आईच्या गळ्यात होतं, तिच्याही आईच्या.
भाईंदरचा एक जण बोलला, पत्रा हाय,
तीनशे घे नि मोकळा हो.
सात घावली हे खरंच, बाय, मोताची आण.
म्हटलं, ह्यांच्यात हे टाकू.
बगू तरी, तू काढतेस का येगळं."

म्हणजे तासभर
तराजूच्या पारड्यात मी बसले होते,
आणि समोरचा माणूस
डोळे मिटून माझा आवाज ऐकत होता.
रागवायचं ठरवलं. जमलं नाही.
मी कितीतरी लोकांना याहून वाईट रीतीनं
घासून पाहिलंय.

"विकायचं आहे?"
"नाय. आईला सांगायचं हाय.
महिनाभर गळ्यात घालत नाय ती,
पत्रा म्हटल्यापासून."

दगडावर आठ रेघा होत्या.
तेजाबाचा थेंब फिरवला:
सात उकळल्या, गेल्या.
आठवी राहिली. बारीक, सरळ,
लांबून पाहिलेल्या किनाऱ्यासारखी.

मजुरी विचारली नाही, त्यानं विचारू दिली नाही.
सुकटीची एक पुडी तराजूशेजारी ठेवली,
एक नाणं खिशात, सात पिशवीत.
पायरीवर थबकला.
"ह्या सातांचं काय करू?"

"पोरांना दे खेळायला."

"पोरं पन इचारतील, बाय," तो म्हणाला,
"खरी हायेत का म्हणून."